‘शॅल सिट ॲट लखनौ’ : एका परिच्छेदाचे पदभाष्य

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे मोठ्या शब्दांपाशी फारसे अडत नाही. ‘ज्युरिस्डिक्शन’ म्हणजे अधिकारिता, हे एकदा कोशात पाहिले की लक्षात राहते. अडते ते ‘ऑर’, ‘मे’, ‘शॅल’, ‘सच’, ‘ॲट’ अशा शब्दांपाशी. ते आपल्याला येतात असे आपण धरून चालतो आणि त्यांच्यासाठी कोश उघडत नाही. या भाष्यासाठी निवडलेल्या पाठात या लहान शब्दांवरच सगळा अर्थ टेकलेला आहे, आणि त्यांच्या अर्थावरून लखनौ आणि अलाहाबाद यांच्यात वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

पाठ आहे ‘युनायटेड प्रॉव्हिन्सेस हायकोर्ट्स अमाल्गमेशन ऑर्डर, १९४८’ या आदेशाचा चौदावा परिच्छेद. त्याची पार्श्वभूमी अशी. पुढे संयुक्त प्रांताचे झालेले उच्च न्यायालय १८६६ साली आग्र्यास स्थापन झाले आणि १८६९ मध्ये अलाहाबादेस आले. अवधसाठी मात्र लखनौला निराळे न्यायालय होते. १९२५ पासून त्याला ‘चीफ कोर्ट ऑफ औध’ म्हणत. २६ जुलै १९४८ रोजी ही दोन न्यायालये एक झाली. मग नव्या न्यायालयाने बसायचे कोठे? चौदावा परिच्छेद त्याचे उत्तर देतो. मूळ इंग्रजीत हे सारे एकच वाक्य आहे : एक मुख्य विधान, त्याला जोडलेली दोन परंतुके. मधे पूर्णविराम नाही. म्हणून विद्यार्थ्याने आधी सांधे शोधावेत, मग पदे सोडवावीत.

१. ‘द न्यू हायकोर्ट, अँड द जजेस अँड डिव्हिजन कोर्ट्स देअरऑफ, शॅल सिट’

म्हणजे नवे उच्च न्यायालय, त्याचे न्यायाधीश आणि त्याची खंडपीठे बसतील. ‘देअरऑफ’ म्हणजे ‘त्याचे’. बोलण्यात हा शब्द येत नाही, कायद्यात पावलोपावली येतो. तो मागे पाहणारा शब्द आहे, ‘कशाचे?’ असे विचारले की मागचे नाम, येथे ‘हायकोर्ट’, हाती लागते.

‘डिव्हिजन कोर्ट’ म्हणजे दुभंगलेले न्यायालय नव्हे. उच्च न्यायालयाचे दोन किंवा अधिक न्यायाधीश एकत्र बसून काम चालवतात, ते डिव्हिजन कोर्ट. ‘सिट’ म्हणजे न्यायदानास बसणे. मराठीत आपण न्यायालय भरते म्हणतो आणि पीठ बसते म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना ‘सिट’ चालते. ‘शॅल’चा विचार सहाव्या पदात करू, कारण तेथे तो अधिक भार वाहतो.

२. ‘ॲट अलाहाबाद ऑर ॲट सच अदर प्लेसेस इन द युनायटेड प्रॉव्हिन्सेस’

प्रथम ‘ॲट’ आणि ‘इन’. मोठ्या शहराला ‘इन’, लहान गावाला ‘ॲट’, असा नियम शाळेत सांगतात. येथे अलाहाबाद आणि लखनौ ही दोन मोठी शहरे असून दोन्हींना ‘ॲट’ आहे. याचा अर्थ नियम गावाच्या आकाराचा नाही, पाहण्याच्या दृष्टीचा आहे. जागा एक ठिकाण म्हणून दाखवायची असेल, तर ‘ॲट’. तिचा विस्तार मनात असेल, तर ‘इन’. न्यायालयाचे आसन एका ठिकाणी असते, म्हणून ‘ॲट’. प्रांत विस्तीर्ण असतो, म्हणून ‘इन द युनायटेड प्रॉव्हिन्सेस’. आपल्याकडील ‘हायकोर्ट ऑफ ज्युडिकेचर ॲट बॉम्बे’ या नावातले ‘ॲट’ही असेच आहे.

आता ‘ऑर’. हा या परिच्छेदातला पहिला अवघड शब्द. दोन वाचने संभवतात. पहिले : न्यायालय अलाहाबादेस बसेलच, शिवाय इतर ठिकाणीही बसेल. म्हणजे ‘ऑर’ हा ‘अँड’सारखा घ्यायचा. दुसरे : अलाहाबादेस किंवा ठरवलेल्या इतर ठिकाणी. म्हणजे ‘ऑर’ हा ‘किंवा’च. पहिले वाचन घेतले तर अलाहाबाद हे कायमचे आसन ठरते, दुसरे घेतले तर तसे ठरत नाही.

नसीरुद्दीन विरुद्ध राज्य परिवहन अपील न्यायाधिकरण या १९७५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरे वाचन स्वीकारले. ‘ऑर’ येथे ‘अँड’ म्हणून वाचता येणार नाही. अलाहाबाद हे कायमचे आसन आहे, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मत बरोबर नाही. आदेशात सांगितलेल्या रीतीने आसन बदलू शकते, असे न्यायालयाने म्हटले.

तुलनेसाठी आपल्या घरचे कलम पाहावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश इतर ठिकाणी ‘मे ऑल्सो सिट’ असे शब्द आहेत. ‘ऑल्सो’ म्हणजे ‘सुद्धा’. याचा अर्थ मुख्य आसन गृहीत धरले आहे, आणि दुसरी जागा त्यात भर घालते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ सुरू झाले ते याच पोटकलमाच्या आधारे, आणि मुंबईचे स्थान त्याने हलले नाही. एका पाठात ‘ऑर’, दुसऱ्यात ‘ऑल्सो’. दोन्हींचे भाषांतर घाईघाईत ‘अन्य ठिकाणीही’ असे करणारा विद्यार्थी दोन निराळे कायदे एक करून टाकतो.

३. ‘ॲज द चीफ जस्टिस मे, विथ द ॲप्रूव्हल ऑफ द गव्हर्नर, अपॉइंट’

मागच्या पदातला ‘सच’ येथल्या ‘ॲज’शी जोडलेला आहे. ‘सच… ॲज’ ही जोडी म्हणजे आपली ‘जे… ते’ची जोडी. मराठी ‘जे’ आधी सांगते : मुख्य न्यायमूर्ती जी ठिकाणे ठरवतील त्या ठिकाणी. इंग्रजी ‘ते’ आधी सांगते आणि ‘जे’ मागाहून आणते. म्हणून ‘सच’ दिसताच ‘असे’ म्हणून पुढे जाऊ नये. त्याचा ‘ॲज’ सापडेपर्यंत वाक्य उघडे आहे असे समजावे.

‘अपॉइंट’ म्हणजे माणसाची नेमणूक, एवढाच अर्थ विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. येथे कर्म माणूस नाही, जागा आहे. म्हणजे अर्थ ‘मुक्रर करणे’. ‘ॲप्रूव्हल’ म्हणजे मान्यता. निर्णय मुख्य न्यायमूर्तींचा, मान्यता राज्यपालांची. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढच्या पदात तो उलटतो.

४. ‘प्रोव्हायडेड दॅट अनलेस द गव्हर्नर, विथ द कॉन्करन्स ऑफ द चीफ जस्टिस, अदरवाइज डायरेक्ट्स’

‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘पुरवलेले’ हा अर्थ येथे लागू नाही. ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे ‘परंतु’. त्याने सुरू होते ते परंतुक. परंतुक मुख्य विधानातून काहीतरी वगळते किंवा त्याला अट घालते. ते स्वतंत्र उभे राहत नाही, म्हणून वाचताना मुख्य विधान हाताशी ठेवावे लागते.

‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे. ‘अनलेस ही डायरेक्ट्स’ म्हणजे ‘त्याने निर्देश दिला नाही तर’. आपल्या ‘नाही तर’मधला ‘नाही’ मनात असल्यामुळे मराठी विद्यार्थी ‘अनलेस’नंतर पुन्हा ‘डज नॉट’ लिहितो आणि अर्थ उलटा होतो. मूळ वाक्यात ‘नॉट’ नाही, हे मुद्दाम पाहून घ्यावे.

‘अदरवाइज’ म्हणजे ‘याहून वेगळे’. याचा अर्थ पुढे जे सांगितले जाणार आहे तोच मूळ नियम; वेगळा निर्देश आला तरच तो बाजूला होईल. निर्देश आला नाही तर काहीही न करता नियम चालू राहतो. लखनौची स्थिती या एका शब्दाने सुरक्षित झाली आहे.

येथे कर्ता राज्यपाल आहे, आणि मुख्य न्यायमूर्ती सहमती देणारे. तिसऱ्या पदात याच्या उलट होते. म्हणजे नवी जागा मुक्रर करायची तर सुरुवात मुख्य न्यायमूर्तींकडून; लखनौचे बसणे थांबवायचे तर निर्देश राज्यपालांचा. क्रियापदही हेच सांगते. ‘डायरेक्ट्स’ला शेवटी ‘स’ आहे, म्हणजे कर्ता एकवचनी. ‘विथ’ने जोडलेला मनुष्य इंग्रजीत कर्त्यात मोजला जात नाही, ‘अँड’ने जोडला असता तर क्रियापद ‘डायरेक्ट’ झाले असते आणि दोघेही निर्देश देणारे ठरले असते.

५. ‘सच जजेस ऑफ द न्यू हायकोर्ट, नॉट लेस दॅन टू इन नंबर, ॲज द चीफ जस्टिस मे, फ्रॉम टाइम टु टाइम, नॉमिनेट’

पुन्हा ‘सच… ॲज’. म्हणजे मुख्य न्यायमूर्ती वेळोवेळी जे न्यायाधीश नामनिर्देशित करतील ते.

‘नॉट लेस दॅन टू’ म्हणजे किमान दोन. दोन चालतात, वीसही चालतात, एक चालत नाही. ‘मोअर दॅन टू’ म्हटले असते तर दोन चालले नसते, तीन लागले असते. व्याकरणाची पुस्तके सांगतात की मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ वापरावे, ‘लेस’ नव्हे. न्यायाधीश मोजता येतात. मग हे चूक का? चूक नाही. संख्येची खालची मर्यादा सांगताना ‘नॉट लेस दॅन’ ही कायद्याच्या इंग्रजीतली रुळलेली रचना आहे. पुढे ‘इन नंबर’ जोडून ती पक्की केली आहे. पुस्तकातला नियम रूढ प्रयोगापुढे थांबतो, हे विद्यार्थ्याने मान्य करावे.

‘फ्रॉम टाइम टु टाइम’ म्हणजे वेळोवेळी. याचा अर्थ एकदा नावे दिली म्हणून अधिकार संपत नाही. बदली झाली, निवृत्ती झाली, तर पुन्हा नावे देता येतात. हे चार शब्द भरतीचे वाटतात, पण तसे नाहीत. सातव्या पदात ते नाहीत, आणि तेथे सारा फरक त्यांच्या नसण्याने पडला आहे.

६. ‘शॅल सिट ॲट लखनौ’

परिच्छेदाचा हा गाभा. म्हणजे किमान दोन न्यायाधीश लखनौला बसतील, बसलेच पाहिजेत.

आधी नाव. इंग्रज या शहराचे नाव ‘लक’ आणि ‘नाउ’ या दोन परिचित शब्दांच्या अक्षरांनी लिहितात. तेथील माणूस ‘लखनऊ’ म्हणतो, आपण ‘लखनौ’. डिसेंबर १९१६ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा लोकमान्य टिळकांनी इंग्रजी भाषणात या अक्षरांवर श्लेष केला : या लखनौत आपल्याला ते ‘लक’ गवसले, अशा आशयाचा. श्लेष इंग्रजी अक्षरांवर आहे, शहराच्या मूळ नावावर नाही. नाव कसे लिहिले आहे यावरून ते कसे उच्चारले जाते हे इंग्रजीत ठरत नाही, एवढे येथून घ्यावे.

आता ‘शॅल’. शाळेत शिकवतात : ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, दोन्ही भविष्यकाळ. येथे कर्ता ‘जजेस’, तरी ‘शॅल’. म्हणजे हा भविष्यकाळ नव्हे, आज्ञा आहे. आणि ‘मे’ म्हणजे परवानगी : वाटल्यास करावे. सामान्य नियम एवढाच : ‘शॅल’ बांधतो, ‘मे’ मोकळे ठेवतो.

पण हा नियम शेवटचा नाही, आणि ते दाखवणारे दोन निवाडे याच प्रदेशातले आहेत. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव, १९५७. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा ‘शॅल’ मार्गदर्शक आहे. सल्ला घेतला नाही एवढ्यावरून सरकारची कारवाई रद्द होत नाही. दुसरा, उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध जोगेंद्र सिंह, १९६३. राजपत्रित नोकराने स्वतः विनंती केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे ‘मे’ पाठवतील, असा नियम होता. निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती होते प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनी सांगितले की ‘मे’चा अर्थ सामान्यतः ‘मस्ट’ होत नाही, पण संदर्भाने होऊ शकतो. त्या नियमाचा हेतूच नोकराला निवड देण्याचा होता, म्हणून तेथला ‘मे’ बंधनकारक ठरला.

एका निवाड्यात ‘शॅल’ सैल झाला, दुसऱ्यात ‘मे’ घट्ट झाला. मग शब्दाला अर्थच नाही काय? आहे. शब्दाचा रूढ अर्थ हा पहिला दावेदार. त्याला हटवायचे तर कारण द्यावे लागते, आणि ते कारण त्या नियमाच्या हेतूत दाखवावे लागते. आपल्या पाठात असे कारण दिसत नाही. उलट किमान संख्या सांगितली आहे आणि अपवादाची रीतही सांगितली आहे. जेथे अपवाद इतक्या काळजीने बांधला आहे, तेथे मूळ नियम बंधनकारक मानणेच योग्य.

७. ‘इन रिस्पेक्ट ऑफ केसेस अरायझिंग इन सच एरियाज इन औध, ॲज द चीफ जस्टिस मे डायरेक्ट’

‘रिस्पेक्ट’ म्हणजे आदर. पण ‘इन रिस्पेक्ट ऑफ’ म्हणजे ‘च्या बाबतीत’. शब्द तोच, अर्थाचा संबंध तुटलेला. असे पदसमूह अखंड पाठ करावेत. ‘औध’ म्हणजे अवध. साताऱ्याकडचे किंवा पुण्याचे औंध नव्हे.

‘केसेस अरायझिंग’ म्हणजे त्या भागात उद्भवलेली प्रकरणे. प्रकरण उद्भवते कोठे? मूळ आदेश एका जिल्ह्यात झाला आणि त्यावरच्या अपिलाचा निर्णय लखनौला झाला, तर? नसीरुद्दीन निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वादाचे कारण पूर्णतः किंवा अंशतः अवधच्या त्या भागात घडले असेल, तर लखनौला दाद मागता येते; आणि कारण दोन्हीकडे विभागलेले असेल, तर कोठे जायचे हे दाद मागणारा ठरवतो. म्हणजे ‘अरायझिंग’ हा शब्द एकाच बिंदूकडे बोट दाखवतो असे नाही.

आता ‘मे डायरेक्ट’. येथे ‘फ्रॉम टाइम टु टाइम’ नाही. पूर्वपक्ष असा : अधिकार एकदा दिला की तो वेळोवेळी वापरता येतो, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे चौदावे कलमही सांगते, मग शब्द गाळले म्हणून काय बिघडले? उत्तर : ते कलम स्वतःच ‘वेगळा हेतू दिसत नसेल तर’ अशी अट घालते. एकाच वाक्यात, एकाच अधिकाऱ्याला दोन अधिकार दिले आहेत. न्यायाधीशांची नावे देताना ‘वेळोवेळी’ लिहिले, प्रदेश ठरवताना लिहिले नाही. वेगळा हेतू यातच दिसतो, असे माझे वाचन आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे : अवधचा प्रदेश एकदा ठरला, तो वेळोवेळी वाढवण्याचा वा घटवण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना नाही.

८. ‘द ज्युरिस्डिक्शन अँड पॉवर फॉर द टाइम बीइंग व्हेस्टेड इन द न्यू हायकोर्ट’

बोलण्यात ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे ‘तूर्त’. विद्यार्थी येथेही ‘तूर्त’ वाचतो आणि अधिकार तात्पुरता समजतो. कायद्यात याचा अर्थ ‘त्या त्या वेळी असलेला’. म्हणजे अधिकार १९४८ च्या मापाने गोठलेला नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना आली आणि अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयांना रिट काढण्याचा अधिकार मिळाला. लखनौला बसणाऱ्या न्यायाधीशांना तो वापरण्यासाठी हा परिच्छेद बदलावा लागला नाही.

९. ‘प्रोव्हायडेड फर्दर दॅट द चीफ जस्टिस मे इन हिज डिस्क्रिशन ऑर्डर दॅट एनी केस ऑर क्लास ऑफ केसेस… शॅल बी हर्ड ॲट अलाहाबाद’

‘प्रोव्हायडेड फर्दर’ म्हणजे ‘परंतु, आणखी असे की’. ‘हिज’ पुल्लिंगी आहे. पण कायद्यातले पुल्लिंगी शब्द स्त्रियांनाही लागू होतात, असे जनरल क्लॉजेस ॲक्टचे तेरावे कलम सांगते. ‘मे’पुढे ‘इन हिज डिस्क्रिशन’ जोडले आहे, म्हणजे हा ‘मे’ नक्की मोकळा. जोगेंद्र सिंहचा तर्क येथे चालणार नाही, कारण संदर्भच विवेकाधिकार देतो.

‘क्लास ऑफ केसेस’मधला ‘क्लास’ शाळेचा वर्ग नव्हे. एका प्रकारची प्रकरणे.

‘हर्ड’ हे ‘हिअर’चे रूप. लिहिताना ‘हिअर’ला फक्त एक अक्षर जोडतात, पण स्वर बदलतो : ‘हिअर्ड’ न होता ‘हर्ड’ होते. त्याच अक्षरांनी संपणारा दाढीचा शब्द मात्र ‘बिअर्ड’. येथे नियम शोधण्यात वेळ घालवू नये. कानाने ऐकावे आणि पाठ करावे.

अर्थाकडे वळू. ‘हर्ड’ म्हणजे सुनावणी झालेले. उच्च न्यायालयाचे मत होते की सुनावणी अलाहाबादेस होईल म्हटले की प्रकरण अलाहाबादेसच दाखल करायला लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. दाखल करणे निराळे, सुनावणी निराळी. लखनौला दाखल झालेले प्रकरण मुख्य न्यायमूर्ती सुनावणीसाठी अलाहाबादेस नेऊ शकतात. लखनौला दाखल करण्याची वाट बंद करू शकत नाहीत. लखनौ आणि अलाहाबाद यांत सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर आहे. सीतापूर किंवा बहराइचच्या पक्षकाराला ‘हर्ड’चा अर्थ म्हणजे हे अंतर.

उपसंहार

या एका वाक्यातून तीन गोष्टी शिकाव्यात. एक, ‘ऑर’, ‘मे’, ‘शॅल’ यांचा रूढ अर्थ आधी घ्यावा आणि तो सोडायचा असेल तर कारण पाठातच दाखवावे. दोन, एकाच वाक्यात एखादा शब्द एका जागी असेल आणि दुसऱ्या जागी नसेल, तर त्या नसण्यालाही अर्थ आहे असे धरून वाचावे. तीन, ओळखीच्या शब्दाचाच संशय घ्यावा. ‘अपॉइंट’, ‘रिस्पेक्ट’, ‘क्लास’, ‘प्रोव्हायडेड’ हे सारे ओळखीचेच होते.

आता विद्यार्थ्याने स्वतः एक काम करावे. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाचे कलम ४१ मिळवावे. नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसतात ते या कलमाने, आणि त्याची घडण लखनौच्या परंतुकासारखीच आहे. तेथे ‘नॉट लेस दॅन टू’ नाही, ‘थ्री’ आहे. तेथे ‘सच एरियाज’ नाही, विदर्भाच्या जिल्ह्यांची नावे आहेत. म्हणून प्रदेश कोणी व किती वेळा ठरवायचा हा प्रश्न तेथे उरत नाही. ‘शॅल सिट’, ‘फ्रॉम टाइम टु टाइम’ आणि ‘शॅल बी हर्ड’ मात्र तेथेही आहेत. दोन्ही पाठ समोरासमोर ठेवावेत, पदे पाडावीत, आणि प्रत्येक लहान शब्दाला विचारावे : तू येथे नसतास, तर काय बदलले असते? उत्तर लिहून काढल्याशिवाय पुढच्या पदाकडे जाऊ नये.